अमेरिकेतल्या ग्रामीण काउंटीचं मध्यक उत्पन्न: अनेक वर्षांचा कल काढताना पायऱ्या कुठे चुकतात

सार्वजनिक धोरण, नगरनियोजन किंवा डेटा सायन्स शिकायला अमेरिकेत गेलेल्या मुलांच्या प्रोजेक्टमध्ये एक तक्ता हमखास असतो. डाव्या रकान्यात १९९०, २०००, २०१०, २०२३. उजव्या रकान्यात एखाद्या ग्रामीण काउंटीचं (काउंटी म्हणजे राज्याचा आपल्या जिल्ह्यासारखा भाग) मीडियन हाऊसहोल्ड इन्कम, म्हणजे घरांचं मध्यक उत्पन्न. आणि खाली ठळक अक्षरांत 'एवढे टक्के वाढ'. आकडे सगळे सरकारी, तरीही तक्ता चुकीचा. ते आकडे वेगवेगळ्या पद्धतींनी मोजलेले असतात, वेगवेगळ्या वर्षांच्या डॉलरमध्ये असतात, आणि डावीकडे लिहिलेल्या वर्षाचे तर बहुतेक नसतातच.

मोठ्या शहरी काउंटीत ही ढिलाई खपून जाते, कारण तिथे दरवर्षी भरपूर घरांची माहिती मिळते. काही हजार घरांच्या काउंटीत मात्र पायऱ्यांचा क्रम चुकला की निष्कर्षच उलटा निघतो. उदाहरणासाठी नॉर्थ डकोटातली मॅकेन्झी काउंटी घेऊ. बाकेन तेलपट्ट्यातली ही काउंटी २०१० च्या जनगणनेत ६,३६० लोकांची होती, २०२० मध्ये १४,७०४ लोकांची झाली. त्या दशकात देशात सर्वांत वेगाने वाढलेली काउंटी हीच. जे जे चुकू शकतं ते सगळं इथे एकाच जागी सापडतं.

पायरी १: नेमकं काय मोजायचं ते आधी कागदावर लिहा

मध्यक म्हणजे सगळी घरं उत्पन्नाप्रमाणे ओळीत लावल्यावर बरोबर मधल्या घराचं उत्पन्न. सरासरी नव्हे. आपल्याकडच्या वाचकाला महाराष्ट्राच्या आर्थिक पाहणीतलं 'जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न' सवयीचं असतं, त्यामुळे अमेरिकेतही हात आपोआप दरडोई आकड्याकडे जातो. तेलपट्ट्यात हे फार महागात पडतं. मूठभर जमीनमालकांना मोठी रॉयल्टी मिळाली की दरडोई आकडा उडतो, मधलं घर जिथल्या तिथे राहतं.

हे चार आकडे एकमेकांच्या जागी वापरू नका:

- हाऊसहोल्डचं मध्यक उत्पन्न: एका घरात राहणारे सगळे, नातं असो वा नसो. सेन्सस ब्युरोच्या, म्हणजे जनगणना खात्याच्या, अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेत (एसीएस) तक्ता बी१९०१३.
- फॅमिलीचं मध्यक उत्पन्न: फक्त नात्यातली माणसं एकत्र राहतात ती घरं, तक्ता बी१९११३. एकटी राहणारी माणसं यात नाहीत, म्हणून हा आकडा साधारणपणे वरचा येतो.
- ब्युरो ऑफ इकॉनॉमिक अॅनालिसिसचं दरडोई वैयक्तिक उत्पन्न: यात मेडिकेअर-मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनांचे लाभही धरलेले असतात. सेन्ससच्या व्याख्येत फक्त रोख उत्पन्न.
- गृहनिर्माण खात्याचं 'एरिया मीडियन इन्कम': योजनांची पात्रता ठरवण्यासाठी बेतलेला, फॅमिलीवर आधारलेला आकडा. कल काढायला निरुपयोगी.

सेन्ससच्या व्याख्येत शेअर-जमीन विकून झालेला भांडवली नफा येत नाही. रॉयल्टी आणि घरभाडं येतं. शेतीचं उत्पन्न खर्च वजा जाता धरतात, त्यामुळे एखाद्या शेतकरी घराचं उत्पन्न उणेही असू शकतं.

पायरी २: काउंटी तीच आहे ना, ते पाहा

प्रत्येक काउंटीला पाच आकडी फिप्स कोड असतो: पहिले दोन आकडे राज्याचे, पुढचे तीन काउंटीचे. मॅकेन्झीचा ३८०५३. जुन्या-नव्या फाइली नावावरून जुळवू नका, कोडवरून जुळवा. पण कोडही बदलतात. साउथ डकोटातल्या शॅनन काउंटीचं नाव २०१५ मध्ये ओग्लाला लकोटा झालं आणि ४६११३ चा कोड ४६१०२ झाला. नुसता कोड जुळवला तर एक काउंटी अचानक गायब झालेली दिसेल आणि दुसरी कुठून तरी उगवलेली. व्हर्जिनियात बेडफर्ड शहर २०१३ मध्ये बेडफर्ड काउंटीत विलीन झालं. तिथे नाव तेच राहिलं, पण हद्द बदलली. कनेक्टिकटमध्ये तर २०२२ च्या आकडेवारीपासून आठ काउंट्यांच्या जागी नऊ नियोजन प्रदेश आले आहेत.

सावधान: एक्सेल पहिलं शून्य खाऊन टाकतं. अलाबामा, अॅरिझोना, कोलोरॅडो यांचे कोड शून्याने सुरू होतात. रकाना आधी 'टेक्स्ट' करा, मग फाइल आत घ्या.

पायरी ३: तीन स्रोत, तीन वेगळ्या मोजपट्ट्या

पहिला स्रोत जनगणनेचा लाँग फॉर्म. २००० पर्यंत देशभरात साधारण सहापैकी एका घराला लांबलचक प्रश्नावली जायची, आणि अगदी छोट्या गावांत दोनपैकी एका घराला. उत्पन्नाचा प्रश्न त्यातच असायचा. २००० नंतर हा फॉर्म बंद झाला. २०१० च्या जनगणनेत उत्पन्न विचारलेलंच नाही. म्हणून कुणी '२०१० च्या जनगणनेनुसार मध्यक उत्पन्न' असं लिहिलं असेल तर तो आकडा मुळात कुठला, हे आधी शोधा.

दुसरा स्रोत एसीएस, २००५ पासून पूर्ण स्वरूपात सुरू. एका वर्षाचे अंदाज फक्त ६५,००० आणि त्याहून जास्त लोकसंख्येच्या भागांसाठी मिळतात. ग्रामीण काउंटीच्या वाट्याला पाच वर्षांचा एकत्र अंदाजच येतो. असा पहिला अंदाज २००५–२००९ चा.

तिसरा एसएआयपीई, म्हणजे स्मॉल एरिया इन्कम अँड पॉव्हर्टी एस्टिमेट्स. हा सर्व्हेचा थेट आकडा नाही. सेन्सस ब्युरो एसीएसचे एका वर्षाचे आकडे, आयकर विवरणपत्रं, फूड स्टॅम्पचे लाभार्थी वगैरे माहिती एका मॉडेलमध्ये घालून प्रत्येक काउंटीचा दरवर्षीचा अंदाज काढतं. काउंट्यांसाठी १९८९, १९९३, १९९५ आणि १९९७ पासून पुढे दरवर्षी तो मिळतो. सेंट लुईस फेडरल रिझर्व्हच्या फ्रेड संकेतस्थळावर काउंटीच्या मध्यक उत्पन्नाची जी रेघ दिसते, ती हीच. अनेकांना वाटतं ती एसीएसची.

कोणता कधी वापरायचा? वीस-तीस वर्षांतला ढोबळ बदल हवा असेल तर लाँग फॉर्म आणि पुढे एसीएस, पण रेघेने न जोडता, सुटे ठिपके म्हणून. एखाद्या वर्षी काय वळण लागलं, हे हवं असेल तर एसएआयपीई. माझ्या मते दोन्ही आलेख काढावेत, पण वेगवेगळे.

सावधान: एका रेघेत दोन स्रोत जोडू नका. खुद्द एसएआयपीईच्या आतही एक सांधा आहे. २००५ च्या अंदाजापासून मॉडेलचा आधार करंट पॉप्युलेशन सर्व्हे या दुसऱ्या, जुन्या पाहणीऐवजी एसीएस झाला. २००४ ते २००५ दरम्यानची उडी काउंटीतली मानू नका.

पायरी ४: वर्षाचं लेबल दुरुस्त करा

सर्वांत जास्त गफलत इथेच होते, म्हणून इथे जरा थांबा.

लाँग फॉर्ममध्ये मागच्या कॅलेंडर वर्षाचं उत्पन्न विचारत. म्हणजे २००० च्या जनगणनेतला आकडा १९९९ चा, १९९० मधला १९८९ चा आणि १९८० मधला १९७९ चा. तक्त्यात '२०००' लिहून २००० चा महागाई निर्देशांक लावला की पहिल्याच ओळीला चूक झाली.

एसीएसचं प्रकरण जास्त नाजूक आहे. हा सर्व्हे वर्षभर, दर महिन्याला चालतो आणि 'गेल्या १२ महिन्यांतलं' उत्पन्न विचारतो. जानेवारी २०१९ मध्ये उत्तर देणारं घर २०१८ सालाबद्दल सांगतं. डिसेंबर २०२३ मध्ये उत्तर देणारं घर डिसेंबर २०२२ ते नोव्हेंबर २०२३ बद्दल सांगतं. म्हणजे २०१९–२०२३ च्या अंदाजात जानेवारी २०१८ पासून नोव्हेंबर २०२३ पर्यंतचं उत्पन्न मिसळलेलं आहे आणि त्याचा मध्य २०२० च्या अखेरीस पडतो. डॉलर मात्र २०२३ चे असतात, कारण ब्युरो सगळी उत्तरं शेवटच्या वर्षाच्या किमतींवर आणतं. ही दुरुस्ती फक्त महागाईची. २०१९ मध्ये ज्याची नोकरी गेली होती त्याला ती २०२३ ची नोकरी मिळवून देत नाही.

मॅकेन्झीत याचा परिणाम काय होतो ते पाहा. २०१४ च्या मध्यावर कच्चं तेल पिंपाला १०० डॉलरच्या वर होतं; २०१६ च्या सुरुवातीला ३० च्या खाली आलं. २०१२–२०१६ चा अंदाज २०११ च्या तेजीपासून २०१६ च्या मंदीपर्यंतचं सगळं एका आकड्यात कालवतो. त्यावर '२०१६' असं लिहिलं तर वाचक म्हणेल, तेल कोसळलं तरी लोकांचं बरं चाललं होतं की!

तपासा: तक्त्यात तीन स्वतंत्र रकाने आहेत का? प्रकाशनाचं नाव, उत्पन्नाचा खरा काळ, आणि डॉलर कोणत्या वर्षाचे. तिन्ही भरल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी ५: एकमेकांवर न येणारे कालखंड निवडा

२०१८–२०२२ आणि २०१९–२०२३ या दोन अंदाजांत चार वर्षांची उत्तरं सामाईक आहेत. त्यांतला फरक म्हणजे २०१८ काढलं आणि २०२३ घातलं, एवढाच. दरवर्षी येणारे असे अंदाज ओळीने मांडून रेघ काढली की ती छान गुळगुळीत दिसते, आणि लोक म्हणतात 'स्थिर वाढ'. तो गुळगुळीतपणा काउंटीचा नाही, मोजण्याच्या पद्धतीचा आहे.

तुलनेसाठी २००९–२०१३, २०१४–२०१८ आणि २०१९–२०२३ असे सुटे कालखंड घ्या. तीनच ठिपके मिळतात म्हणून हिरमुसू नका. २०१९–२०२३ मध्ये २०२० हे करोनाचं वर्ष आहे, ज्यात उत्तरं इतकी कमी आली की ब्युरोने त्या वर्षीचे एका वर्षाचे नेहमीचे अंदाज प्रसिद्ध केले नाहीत, फक्त प्रायोगिक म्हणून दिले. ही टीप तक्त्याखाली हवीच.

पायरी ६: आकडे उतरवा

२००९–२०१३ पासून पुढचं सेन्ससच्या डेटा संकेतस्थळावरून बी१९०१३ मध्ये. २००० आणि त्याआधीचं मिनेसोटा विद्यापीठाच्या एनएचजीआयएस संग्रहातून. अंदाजाच्या शेजारचा मार्जिन ऑफ एररचा, म्हणजे अंदाज किती वर-खाली असू शकतो त्याचा, रकाना सोडू नका. तो नसेल तर पुढचं काहीच करता येत नाही.

सावधान: एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रॅम लिहून थेट आकडे मागवण्याच्या सोयीतून, आलेला उणे ६६,६६,६६,६६६ हा आकडा उत्पन्न नाही, 'अंदाज काढता आला नाही' अशी खूण आहे. तसंच २,५०,००१ म्हणजे 'अडीच लाख डॉलरच्या वर', नेमकी रक्कम नाही. सरासरी काढण्याआधी अशा खुणा रिकाम्या करा.

पायरी ७: सगळं एका वर्षाच्या डॉलरमध्ये आणा

एसएआयपीईचे आकडे त्या त्या वर्षाच्या डॉलरमध्ये असतात, एसीएसचे कालखंडाच्या शेवटच्या वर्षाच्या, लाँग फॉर्मचे जनगणनेच्या आदल्या वर्षाच्या. श्रमसांख्यिकी ब्युरोच्या सीपीआय-यू या ग्राहक महागाई निर्देशांकाची वार्षिक सरासरी १९९९ मध्ये १६६.६, २०१३ मध्ये २३२.९५७, २०१८ मध्ये २५१.१०७ आणि २०२३ मध्ये ३०४.७०२ होती. २०१८ चे डॉलर २०२३ वर आणायचे तर ३०४.७०२ ला २५१.१०७ ने भागा: १.२१३४. या गुणकाने अंदाजाला गुणा, आणि मार्जिनलाही. मार्जिन गुणायचं लोक हटकून विसरतात.

१९९९ च्या मागे जायचं असेल तर साध्या सीपीआय-यूऐवजी सीपीआय-यू-आरएस ही मागची वर्षं आजच्या पद्धतीने मोजणारी मालिका घ्या. सेन्सस ब्युरोने २०२२ च्या उत्पन्नाच्या राष्ट्रीय अहवालापासून २००० नंतरच्या वर्षांसाठी साखळी निर्देशांक (चेन्ड सीपीआय) वापरायला सुरुवात केली आहे. कोणताही घ्या, पण सगळ्या ओळींना एकच पद्धत लावा आणि नाव लिहा.

सावधान: एसीएसच्या पाच वर्षांच्या अंदाजाला कालखंडाच्या मधल्या वर्षाचा निर्देशांक लावू नका. डॉलर आधीच शेवटच्या वर्षावर आणलेले असतात.

पायरी ८: फरक खरा आहे का, ते पाहा

एसीएसचं मार्जिन ९० टक्के विश्वासपातळीचं असतं. त्याला १.६४५ ने भागलं की प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर) मिळते. इथे कल्पित आकडे घेऊन हिशोब करू.

समजा २०१४–२०१८ चा अंदाज ५२,००० डॉलर, मार्जिन ४,१००. आणि २०१९–२०२३ चा ६८,०००, मार्जिन ६,२००.

नुसतं पाहिलं तर वाढ जवळजवळ ३१ टक्के. मथळा तयार!

आता जुना आकडा २०२३ च्या डॉलरमध्ये: ५२,००० गुणिले १.२१३४, म्हणजे ६३,०९७. मार्जिन ४,९७५. फरक उरला ४,९०३ डॉलरचा, म्हणजे सुमारे पावणेआठ टक्के.

प्रमाण त्रुटी: ४,९७५ भागिले १.६४५ म्हणजे ३,०२४. ६,२०० भागिले १.६४५ म्हणजे ३,७६९. दोन्हींचे वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ: सुमारे ४,८३२. फरकाला याने भागा: ४,९०३ भागिले ४,८३२, म्हणजे १.०१.

हा भागाकार १.६४५ च्या वर गेला तरच ९० टक्के पातळीवर 'बदल झाला' म्हणता येतं. इथे तो १.०१ आहे. एकतीस टक्क्यांची वाढ हिशोब पुरा होईपर्यंत 'सांगता येत नाही' इथपर्यंत आली. पण 'वाढ झाली नाही' असंही लिहू नका. एवढ्या नमुन्यातून ती दिसू शकली नाही, इतकंच.

ही कसोटी सुट्या कालखंडांसाठीच आहे. सामाईक वर्षं असलेल्या अंदाजांना हे सूत्र जसंच्या तसं लागू होत नाही. पायरी ५ आधी का, याचं हे दुसरं कारण.

पायरी ९: मार्जिन फारच मोठं असेल तर शेजारच्या काउंट्या जोडा

प्रमाण त्रुटी अंदाजाच्या दहा-बारा टक्क्यांपलीकडे गेली की मी एकट्या काउंटीवर निष्कर्ष काढत नाही. शेजारच्या, सारख्या अर्थव्यवस्थेच्या दोन-तीन काउंट्या एकत्र करतो. मॅकेन्झीबरोबर विल्यम्स, माउंट्रेल आणि डन घेता येतात, चारही बाकेनमधल्या.

पण मध्यकांची सरासरी काढायची नाही. घरांच्या संख्येचं वजन देऊनसुद्धा नाही. बी१९००१ या तक्त्यात उत्पन्नाचे १६ गट आणि प्रत्येक गटातली घरं दिलेली असतात. सगळ्या काउंट्यांची गटवार बेरीज करा आणि मग मध्यक काढा. दहावीला वर्गीकृत वारंवारता सारणीवरून मध्यक काढायचं सूत्र घोकलं होतं ना, तेच.

समजा एकूण घरं ४,०००. मधलं घर २,००० वं. ५०,००० डॉलरच्या खाली १,८८० घरं, आणि ५०,००० ते ५९,९९९ या गटात ४८०. तर मध्यक = ५०,००० + (१२० ÷ ४८०) × १०,०००, म्हणजे ५२,५००.

तपासा: हीच रीत आधी एका काउंटीवर चालवा आणि उत्तर बी१९०१३ मधल्या छापील आकड्याशी ताडून पाहा. रुंद गटांत ब्युरो वेगळं सूत्र वापरतं, त्यामुळे थोडा फरक पडेल. फरक हजारांत गेला तर एखादा गट बेरजेतून सुटला आहे.

पायरी १०: लोक तेच आहेत का?

मध्यक वर गेला म्हणजे लोकांचं उत्पन्न वाढलं असं नाही. कमी उत्पन्नाची घरं भाडं परवडेना म्हणून निघून गेली तरी मध्यक वर जातो. तरुण पोटापाण्यासाठी बाहेर पडले आणि पेन्शनवरचे वृद्ध मागे राहिले तर तो खाली येतो, कुणाचंही उत्पन्न एक डॉलरने कमी न होता.

मॅकेन्झीत आणखी एक गोम आहे. तेजीच्या काळात तेलकामगार कंपन्यांनी उभारलेल्या छावण्यांत राहत. अशा सामूहिक निवासातली माणसं 'हाऊसहोल्ड'मध्ये मोजली जात नाहीत. त्यांची कमाई मध्यकात येतच नाही. पुढे तेच कामगार भाड्याच्या घरात आले की येते. शिवाय एसीएसचा नियम असा की त्या पत्त्यावर दोन महिन्यांहून जास्त राहणारा तिथला रहिवासी. दोन आठवडे काम, दोन आठवडे घरी अशा पाळीवरचा माणूस बहुधा टेक्सास किंवा मिनेसोटातल्या आपल्या घरी मोजला जातो. एसएआयपीईमधली करविवरणपत्रंही त्यावर लिहिलेल्या पत्त्यानेच धरतात.

म्हणून मध्यकाबरोबर निदान हे तक्ते त्याच कालखंडांसाठी काढा: घरातली सरासरी माणसं बी२५०१०, सामूहिक निवासातली लोकसंख्या बी२६००१, आणि घरमालक व भाडेकरू यांचं वेगवेगळं मध्यक उत्पन्न बी२५११९. मालकांचा आणि भाडेकरूंचा आकडा जागच्या जागी असून एकूण मध्यक हलला असेल, तर बहुधा घरांची मिसळण बदलली आहे.

अहवालात वाक्य कसं लिहायचं

'२०१८ ते २०२३ मध्ये उत्पन्न ३१ टक्के वाढलं' या वाक्यातलं वर्षही चूक आणि टक्केही. पायरी ८ मधल्या कल्पित काउंटीसाठी नीट वाक्य असं होईल: '२०२३ च्या डॉलरमध्ये हाऊसहोल्डचं मध्यक उत्पन्न २०१४–२०१८ या काळात अंदाजे ६३,१०० होतं, मार्जिन ५,०००, २०१९–२०२३ या काळात ६८,०००, मार्जिन ६,२००. हा फरक ९० टक्के विश्वासपातळीवर सांख्यिकीय दृष्ट्या ठळक नाही. डॉलर सीपीआय-यूने बदलले आहेत.' संपादक किंवा गाईड याला लांबलचक म्हणतील. त्यांना मार्जिन तळटीपेत न्यायचं असेल तर खुशाल नेऊ द्या. कालखंड आणि डॉलरचं वर्ष मात्र वाक्यातच राहू द्या.